कुलूप की किल्ली : एका मतपेटीची गोष्ट

कुरडयांचा वास.
एक आडवी बाटली.
चुलीवर वितळवलेली लाल लाख.
शेळ्यांच्या डोक्यावर निळा पत्रा.

मित्रांनो, हे सगळं माझंच आयुष्य आहे. मी एक जुनी लोखंडी मतपेटी आहे. अंगावर गंज आहे, पण झाकण अजून नीट उघडतं आणि नीट लागतं.

जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथून बैलगाडीनं पिशोरच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या या गावात आले. किती निवडणुका पोटात घेतल्या! शेवटचं मोठं काम दारूच्या दुकानावरच्या मतदानाचं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. बायकांनी रांगा लावल्या, आडवी जिंकली, मला हळदकुंकू लागलं.

मग बटणांची यंत्रं आली. मी भंगारात निघाले. सरपंच राजेंद्रभाऊंच्या पत्नीनं, तनुजावहिनींनी, मला उचललं. झाकण घट्ट, मुंग्या शिरत नाहीत. त्यांनी माझ्यात कुरडया भरल्या आणि मला माळ्यावर ठेवलं. मतं गेली, कुरडया आल्या. रिकामं राहण्यापेक्षा बरं, असं मी मनाला समजावलं.

गेल्या वर्षी गावात तुरुंग येणार अशी हवा सुटली. सरकारी नव्हे, कंपनीचा. गायरानाची जमीन ग्रामपंचायतीनं द्यायची, तुरुंग कंपनीनं चालवायचा. करार समजवायला संभाजीनगरहून अमेय नावाचे साहेब आले. ग्रामसभा भरली ती सरपंचांच्याच अंगणात. मी माळ्याच्या झरोक्यातून ऐकत होते.

"गावातल्या मुलांना काम मिळेल," साहेब म्हणाले. "अट एकच. कोठड्या रिकाम्या राहिल्या, तर ती तूट ग्रामपंचायतीनं भरून द्यायची."

सरूबाई उठल्या. त्यांच्या शेळ्या त्याच गायरानात चरतात.

"म्हंजे साहेब, चोर कमी झाले की गावाला दंड? मग आमी मारुतीपुढं काय मागायचं? चोऱ्या वाढू दे म्हून?"

अंगण हसलं. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला.

"सरूकाकी, शेळ्यांसाठी भांडती व्हय?" राजेंद्रभाऊंनी टोमणा मारला.

"व्हय, शेळ्यांसाठी बी भांडते. पर गायरान तुझ्या बापाचं नाय अन् माझ्या बोकडाच्या बापाचं बी नाय. समद्यांला इचार, मंग सही कर."

"इचारतो की. करा हात वर!"

हात वर जाऊ लागले. काही सावकाश, काही अर्धेच.

"थांबा!" सरूबाई ओरडल्या. "ज्या सरपंचाच्या ट्रॅक्टरावर पेरणी करायची, त्याच्या डोळ्यादेखत हात खाली कोण ठेवील? बाटलीच्या टायमाला पेटी व्हती. ती आना."

"कुठली पेटी? ती कवाच भंगारात गेली."

बायकांच्या बाजूनं आवाज आला. "आपल्या माळ्यावर हाय की! कुरडया हायेत तिच्यात."

तनुजावहिनी बोलून गेल्या होत्या. अंगणात असा हशा पिकला, की राजेंद्रभाऊंना नाही म्हणता येईना. "घ्या मतदान," ते म्हणाले. "गाव माझ्याच मागं हाय."

मला खाली उतरवलं. झटकलं, पुसलं, झाकणाच्या फटीवर लाख लावली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चिन्हं ठरली. कुलूप म्हणजे तुरुंगाचा करार हवा, किल्ली म्हणजे नको.

शाळेच्या वर्गात दिवसभर चिठ्ठ्या पडत राहिल्या. पडद्याआडून येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव मला जुन्या निवडणुकांपासून ओळखीचा होता. रांगेत मान खाली असायची, माझ्यापाशी ती वर व्हायची. मित्रांनो, कुणी कुठं शिक्का मारला ते मला विचारू नका. तेवढ्यासाठीच तर माझं तोंड अरुंद केलंय.

मोजणी मारुतीच्या पारावर झाली. एका चिठ्ठीला कुरडईचा तुकडा चिकटून आला.

"हे मत तनुजावहिनीचं!" कुणीतरी ओरडलं.

"तेलात तळलं तरी माझं मत सांगायची नाय मी," वहिनी म्हणाल्या.

किल्ली जिंकली. चांगली भरभक्कम जिंकली. राजेंद्रभाऊ स्वतः उठून सरूबाईंना म्हणाले, "काकी, जमीन जायची नाय. बास?"

"बास नाय," सरूबाई म्हणाल्या. "म्होरच्या सरपंचाचं काय?"

तिथंच ठराव झाला. असला करार गावाच्या गुप्त मतदानाशिवाय कुणी करायचा नाही. तेव्हापासून मी माळ्यावर नाही, पंचायतीच्या कपाटात असते. कुरडया आता डब्यात गेल्या.

कुलूप मलाही लागतं, मित्रांनो. पण माझ्यात कोंडलेलं मोजून मोकळं करतात, आणि मी रिकामी राहिले म्हणून कुणाला दंड होत नाही. मला रंग दिला नाहीत तरी चालेल. बिजागरीला तेवढं तेल घालत जा. विचारायची वेळ आली, की झाकण अडता कामा नये.

शेळ्यांच्या डोक्यावरचा निळा पत्रा म्हणजे कंपनीचा फलक. तो गायरानात मतदानाच्या आधीच रोवलेला होता; आता सरूबाईंच्या शेळ्या त्याच्या सावलीत बसतात.