पर्सीच्या नावाची वॉरंटी

मित्रांनो, मी लॅपविंग कंपनीचा मेटल डिटेक्टर. वय एकवीस, दांड्यावर ओरखडे, एकदा विकला गेलेला. आधीच कबूल करून टाकतो, मला माझीच भीती वाटते. पोटात एकही बॅटरी नसताना मी ओरडलो आहे. कसा ओरडलो ते मला ठाऊक नाही. पण का ओरडलो, ते आता कळलं आहे.

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात एका जुन्या चॅपेलमागच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. तीन टेबलं आणि सोल्डरिंगच्या धुरानं डोळे चोळणाऱ्या चार बायका, एवढाच कारखाना. लॅपविंग म्हणजे टिटवी. आम्हाला आवाजही तिचाच दिलेला होता, एकदम चिरत वर जाणारा. आमची वॉरंटी मात्र साऱ्या इंग्लंडमधल्या शौकिनांत गाजलेली होती. पहिला मालक जिवंत असेपर्यंत दुरुस्ती फुकट. मालक बदलला की वॉरंटी खलास.

माझा पहिला मालक पर्सी थर्टल. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, डावखुरा, खोकणारा, हट्टी म्हातारा. वॉरंटीच्या कागदावर त्यानं तिरप्या अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवला. दर मंगळवारी आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या मंडळाची बैठक असे. लॅपविंगवाले खिडकीपाशी बसत, केस्ट्रेल कंपनीवाले चहाच्या टाकीपाशी. ही वाटणी कोणी केली देव जाणे, पण चुकून कोणी पलीकडं बसला तर त्याला महिनाभर ऐकून घ्यावं लागे.

“केस्ट्रेलवाल्यांना गाडलेला ट्रॅक्टरसुद्धा सापडायचा नाही,” पर्सी म्हणायचा.

“आणि तुमच्या टिटवीला पत्रा दिसला तरी सोनंच वाटतं!” क्लाइव्ह लार्टर तिकडून ओरडायचा. क्लाइव्ह बसचा ड्रायव्हर, पक्का केस्ट्रेलवाला. दोघांची जन्मात दोस्ती झाली नाही, आणि भांडल्याशिवाय करमलंही नाही.

या ब्रँडच्या अभिमानापायी एक वाईट गोष्ट घडली.

बारा वर्षांपूर्वी अ‍ॅडा गॅरड नावाच्या शेतकरीणबाईंनी मंडळाला बोलावलं. त्यांच्या आईची अंगठी हरवली होती. सकाळी त्या शेताच्या कोपऱ्यात कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या होत्या, तेव्हा पडली असेल तर असेल. नाहीतर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत काढून ठेवलेली, आणि त्या दिवशी घरात आलेली एकच, समोर राहणारी धाकटी बहीण विनी. आईनं अंगठी अ‍ॅडाला दिली, म्हणून विनी तेव्हा रुसली होती. पुढचं अ‍ॅडाबाईंनी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

केस्ट्रेलवाल्यांनी शेत पालथं घातलं, काही नाही. शेवटी पर्सी मला घेऊन उतरला. तो कोपरा म्हणजे बीट काढणाऱ्या मजुरांची बियर प्यायची जागा. जमिनीत बियरचे डबे उघडताना तोडून फेकलेल्या कड्याच कड्या. आता सोन्याची पातळ अंगठी आणि डब्याची कडी आम्हा यंत्रांना अगदी सारखी लागते. हे कुठल्याही डिटेक्टरवाल्याला झोपेत विचारलं तरी तो सांगेल. यंत्राला कडी गाळायला, म्हणजे कडी लागली तरी गप्प राहायला लावलं, की अंगठीही गाळली जाते. पर्सीला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण केस्ट्रेलवाले कुंपणावर ओळीनं बसले होते. तीस कड्या उकरून काढल्या असत्या तर त्यांनी त्याची रेवडी उडवली असती. म्हणून त्यानं गाळणी लावली.

अंगठी माझ्या चकतीखालून गेली. वीतभर खोल, भिंतीच्या जवळ. मला जाणवलं, पण माझं तोंड बांधलेलं.

“माझी लॅपविंग गप्प आहे,” पर्सी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “म्हणजे या शेतात अंगठी नाही. लिहून घ्या.”

अ‍ॅडाबाईंनी मान वळवून रस्त्यापलीकडच्या खिडकीकडं पाहिलं. त्या दिवसापासून दोघी बहिणी बोलल्या नाहीत. मधे रस्ता केवढा, तर एक बैलगाडी जाईल एवढा.

पुढच्या वसंतात पर्सी एकटाच त्या कोपऱ्यात आला. गाळणी काढली. मी ओरडलो. त्यानं बोटांनी माती सारली, पिवळी कड दिसताच परत लोटली. मग मला विनीच्या घराबाहेर भिंतीला टेकवून आत गेला. अर्ध्या तासानं बाहेर आला आणि अंगठी न काढताच घरी परतला. त्यानंतर दर शरद ऋतूत तो यायचा. मी ओरडायचो, तो टोपी काढून ऐकायचा आणि निघून जायचा. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, केस्ट्रेलवाल्यांपुढं चूक कबूल करायची लाज वाटते म्हाताऱ्याला. लॅपविंगची इज्जत मोठी, बिचारी विनी चोर ठरली तरी चालेल!

गेल्या फेब्रुवारीत पर्सी गेला. त्याच्या मुलीनं मला विकायला काढलं, आणि घेतलं कोणी? क्लाइव्हनं! मंडळात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण क्लाइव्हचा हिशेब वेगळा होता. आमची कंपनी नवी यंत्रं बनवायची थांबली होती, आता फक्त जुनी दुरुस्त करी. लीड्सच्या एका शौकिनाला चालू वॉरंटीची लॅपविंग हवी होती.

“पण वॉरंटी पर्सीची,” कोणीतरी म्हणालं.

“मग? तो मेलाय हे कंपनीला कोण सांगणार?” क्लाइव्ह म्हणाला. “सगळेच करतात की. मीपण करणार.”

खरंच, जुनं यंत्र विकताना सगळे असंच म्हणतात, ‘बिघडलं तर माझ्या नावानं पाठव.’ फक्त म्हणणारा बहुतेक वेळा जिवंत असतो.

ऑक्टोबरमध्ये विकण्याआधी चाचणी म्हणून क्लाइव्ह मला गॅरडबाईंच्या शेतात घेऊन आला. अ‍ॅडाबाई आता एकोणऐंशीच्या. कुंपणाशी येऊन म्हणाल्या, “कर काय करायचं ते, पोरा. खड्डे तेवढे बुजव. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी येऊ नकोस, रस्त्यात सामानाची गाडी असेल.”

“कोण चाललंय?”

“ती. समोरची. लेकाकडं, कॅनडाला, कायमची.” त्यांनी ओठ आवळले. “सुटले एकदाची.”

पण हे म्हणताना त्या समोरच्या खिडकीकडंच पाहत होत्या.

क्लाइव्हनं कड्यांची गाळणी लावली. मी शेतभर शहाण्यासारखा गप्प होतो. कोपऱ्यात आलो आणि माझ्या तोंडून टिटवी ओरडली. पडद्यावर आकडा नाही, काही नाही, नुसता आवाज. क्लाइव्हनं गाळणी तपासली, पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. त्यानं मला बंद केलं. मी ओरडलो. त्यानं बॅटऱ्या काढून खिशात टाकल्या. मित्रांनो, मी तरीही ओरडलो. माझा दांडा त्याच्या उजव्या हातातून निसटून डावीकडं झुकत होता, जणू दुसरं कोणी मला धरलं होतं. मी गप्प राहायचा जिवापाड प्रयत्न केला. आवाज माझा होता, पण ओरडणारा मी नव्हतो.

“च्यायला, सर्किट गेलंय,” क्लाइव्ह म्हणाला. तिथं उकरावं असं त्याच्या मनातही आलं नाही. कड्यांच्या कोपऱ्यात कोण उकरतो?

त्यानं मला खोक्यात घातलं आणि दुरुस्तीचा फॉर्म भरला. मालक: पर्सी थर्टल. तक्रार: ‘गाळणी लावूनही ओरडतं.’ खाली पर्सीची सही ठोकली. परतीचा पत्ता स्वतःचा दिला, म्हणजे पोस्टमन मेलेल्याचं दार वाजवायला नको.

कारखान्याच्या शेडमध्ये आता एकच बाई उरली होती. तिनं मला उघडलं, तपासलं, हळूच थोपटलं. माझ्यात काही दोष नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. ती हसून बोलली, ‘हो, हो, लगेच पाठवते’ म्हणाली आणि मला खोक्यात बंद केलं.

विनीबाई निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी मी क्लाइव्हच्या टेबलावर पोचलो. त्यानं फॉर्म काढला आणि दिव्याखाली धरला. तक्रारीच्या रकान्यातली त्याची ओळ नव्हती. त्या जागी तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘मशीनचा दोष नाही. ते बरोबर ओरडतं. मी शब्द दिला होता, तू दिलेला नाहीस. उकर.’

त्यानं वॉरंटीचा कागद काढून शेजारी धरला. तेच अक्षर. मग कारखान्यात फोन लावला.

“फॉर्मवर हे कोणी लिहिलं?”

“मालकांनीच लिहिलं असणार, आम्ही कशाला लिहू?” बाई म्हणाली. “थर्टलसाहेबांचा बुधवारी फोन आला होता की. म्हणाले, शनिवारच्या आत पोचू दे. फार गोड बोलतात हो. खोकला मात्र बराच झालाय त्यांना. औषध घ्यायला सांगा.”

क्लाइव्हनं फोन ठेवला. मला उचललं आणि तडक गाडी काढली.

आम्ही शेतात पोचलो तेव्हा समुद्रावरून धुकं आलेलं. कुंपण दिसत नव्हतं. क्लाइव्हनं बॅटऱ्या घातल्याच नाहीत. मी डावीकडं ओढत होतो, तो मुकाट्यानं मागं येत होता. आमच्या शेजारी कोणीतरी खोकलं. क्लाइव्हनं वळून पाहिलं नाही. मी ओरडलो आणि त्यानं गुडघे टेकून उकरायला घेतलं. पहिली निघाली डब्याची कडी. दुसरीही कडीच. तिसरी वस्तू पिवळी होती.

त्यानं ती अ‍ॅडाबाईंच्या हातावर ठेवली. त्या अंगातल्या एप्रनसकट तशाच रस्ता ओलांडून गेल्या, आणि आम्ही मागं. विनीबाईंनी दार उघडलं. आत खोक्यांचा ढीग होता. अ‍ॅडाबाईंनी चिखलानं भरलेला तळवा पुढं केला.

“सापडली गं, विने.”

विनीबाई चकित झाल्या नाहीत. “कोपऱ्यात. भिंतीजवळ,” त्या म्हणाल्या. “ठाऊक आहे मला.”

“तुला ठाऊक होतं?”

“पर्सीनं सांगितलं होतं. अकरा वर्षं झाली. रडला बिचारा, इथं याच खुर्चीत. आत्ताच उकरून देतो म्हणत होता. मीच शब्द घेतला त्याच्याकडनं, उकरायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही.”

“अगं पण का?”

“तू अंगठीशिवाय यावंस म्हणून.” विनीबाईंचा आवाज चढला नाही. “एकदा तरी येशील. म्हणशील, ‘विने, तू घेतली नाहीस, मला माहीत आहे.’ सख्खी बहीण ना तू माझी? अकरा वर्षं खिडकीत बसले मी, अ‍ॅडा. आज आलीस, तर ती हातात घेऊन आलीस.”

मित्रांनो, मला त्या क्षणी जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पर्सीला मी अकरा वर्षं भित्रा समजत होतो. तो शब्द पाळत होता. आणि मेल्यावर त्याला तो पाळवेना.

अ‍ॅडाबाई एप्रननं अंगठीवरचा चिखल पुसत राहिल्या. शेवटी त्यांनी अंगठी पुढं केली. विनीबाईंनी त्यांचीच मूठ मिटवली. “तुलाच दिली होती ती आईनं. ठेव.”

मग अ‍ॅडाबाई एका खोक्यावर बसल्या, समोरचा कप उचलला आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला लागल्या. विनीबाईंनी दुसरा घेतला. अंधार पडेपर्यंत दोघी कपबशा गुंडाळत होत्या. क्लाइव्हनं हळूच दार ओढून घेतलं.

लीड्सच्या शौकिनाला त्यानं नकार कळवला. सोमवारी कारखान्यात फोन करून खरं काय ते सांगितलं, मालक फेब्रुवारीत वारला, वॉरंटी रद्द करा. बाईनं नोंदवही चाळली. मग म्हणाली, “ती शनिवारीच रद्द झाली. त्यांनी स्वतःच करायला सांगितली.” त्यानंतर मी बॅटरीशिवाय कधी ओरडलो नाही. हलक्या पावलांनी कोणी क्लाइव्हच्या शेडजवळ आलं तर मात्र अजून मी थरथरतो.

मित्रांनो, आम्हाला ओलं ठेवू नका, बॅटऱ्या आत विसरू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं निराळं आहे. आपल्या माणसाचा शब्द खरा मानायला पुरावा सापडायची वाट बघू नका. सोनं बारा वर्षं मातीत पडून राहिलं, त्याला काही झालं नाही. विनीबाईंची गाडी शनिवारी सकाळी नऊ वाजता निघाली.