गुलाबाच्या कुंडीतली टरफलं

साहेब, तुम्ही दीपमालेला घराबाहेर काढलं आणि कारण म्हणून माझं नाव सांगितलं. कॉलनीचे अध्यक्ष तुम्ही. घर तुमचं, नियम तुमचे, फाटकाची किल्ली तुमच्या खिशात. आणि आरोपी कोण, तर वीतभर उंचीचा, एका प्लगावर चालणारा मी! हे साफ खोटं आहे, आणि ते मी तुमच्या तोंडावर सांगतो.

मित्रांनो, तुम्ही मला ओळखलं नसेल. मी विजेवर अंडी उकडणारा कुकर. सुंदराबाई मला अंडेमशीन म्हणते, तेच नाव मला आवडतं. माझं अंग साधं आहे. खाली पोलादी ताटली, तिच्यावर सात खळग्यांची जाळी, वरून आरपार दिसणारं झाकण. ताटलीत थोडं पाणी टाकायचं, जाळीत अंडी उभी ठेवायची, बटण दाबायचं. पाण्याची वाफ होऊन ताटली कोरडी पडली की समजा अंडी झाली. तेव्हा मी ओरडतो. असा ओरडतो, की शेजारच्या खोलीतला माणूस उठून येतो.

कारखान्यात एका बाईनं मला तपासलं होतं. तिनं पाणी टाकलं, कान लावून बसली, मी ओरडलो. "पास," ती म्हणाली आणि मला खोक्यात घातलं. म्हणजे मी चांगला आहे याची खूण एकच, मी ओरडतो.

जानरावाच्या हाती मी लागलो तो नशिबानं. जानराव नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत, कापडाच्या कंपनीत कामाला. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात चिठ्ठ्या काढल्या, त्यात त्याचं नाव निघालं. तो मंचावरून मला घेऊन उतरला तेव्हा त्याचा दोस्त देवराव सगळ्यांदेखत म्हणाला, "जानराव, अंडे नाई देले, मशीन देलं कंपनीनं. कोंबडी तूच पाय आता!" सगळे हसले, जानरावही हसला. मग त्यानं मला एसटीनं तेल्हाऱ्याला घरी नेलं आणि मी तीन वर्षं कपाटावर पडून राहिलो. त्याची बायको सुंदराबाई, तिला गंजात, म्हणजे पातेल्यात, अंडी उकडायची सवय. माझ्या खोक्यावर तिनं सुईदोऱ्याचा डबा ठेवला, डब्यावर धूळ बसली. मी तक्रार केली नाही. गरज नसताना कुणाच्या स्वयंपाकात घुसायचं नसतं.

गरज पडली ती त्यांच्या लेकीमुळे, दीपमालेमुळे. या पोरीला पोलीस व्हायचं होतं. पहिल्या भरतीत आठशे मीटर धावताना तिच्या डोळ्यापुढं अंधारी आली आणि ती मैदानावरच बसली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. डॉक्टर म्हणाले, खाणं सुधारा. आणि पुढची भरती तिच्या वयात बसणारी शेवटची होती. ती गेली की संपलं.

म्हणून जानरावानं अमरावतीत खोली पाहायला घेतली. तिथं मैदान होतं, आणि फौजेतून निवृत्त झालेले खुशालराव सर पोरींना पहाटे तयार करत. मित्रांनो, खोली मिळणं म्हणजे काय असतं ते ऐका. तीन घरांत आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्याबरोबर ती खोली आदल्याच दिवशी भाड्यानं गेलेली निघाली. चौथं घर साहेबांचं. बंगल्यामागं दोन खोल्या, मैदान दहा मिनिटांवर. साहेब म्हणाले, "आम्ही जातपात मानत नाही. अट एकच. अंडं-मटण या फाटकाच्या आत येणार नाही."

जानराव हो म्हणाला. सामान उतरवताना साहेबांनी तीच अट पुन्हा वदवून घेतली, तेव्हा मी खोक्यात होतो, मी ऐकलं. मान खाली घालून म्हटलेला हो होता तो.

आणि त्या माणसांनी अट पाळली, साहेब! दोन महिने पाळली. शेंगदाणे, गूळ, भिजलेले चणे, बीट, जे कुणी सांगेल ते पोरीला चारलं. तिसऱ्या महिन्यात ती मैदानावर पुन्हा चक्कर येऊन बसली. खुशालराव सर तिला सोडायला फाटकापर्यंत आले. त्यांचा आवाज मला आतपर्यंत आला. "धावून राहिली का झोपून राहिली? रोज चार अंडे खाय. नाई त गावाले जाय, माया वेळ नको खाऊ." सकाळी पाचला अमरावतीत उकडलेलं अंडं कोण विकतं? गंजात उकडावं तर ओट्यावरची खिडकी मालकिणीच्या खिडकीसमोर. गंजातली अंडी खडखड वाजतात, वास सुटतो. सुंदराबाईनं दार आतून लावलं. मग जानरावाला म्हणाली, "ते मशीन काढा."

पहिल्या दिवशी तिनं घोटाळा केला. चार अंडी ठेवली आणि भरपूर पाणी ओतलं. जास्त अंड्यांना जास्त पाणी, असा तिचा हिशोब.

"वं माय, उलटं आहे ते," दीपमाला माझ्याबरोबर आलेल्या मापाच्या कपावरच्या खुणा वाचत म्हणाली. "अंडे जास्त त पाणी कमी."

"असं कोठं असते वं? चार मानसाच्या भातात कमी पाणी टाकतेस का तू?"

"भात नाई तो. वाफ आहे."

"मग वाफेलेच पोलिसात पाठव."

दोघी तोंडावर पदर आणि ओढणी दाबून हसल्या. हसायचं, पण आवाज न करता. त्या घरात सगळंच तसं होतं.

आणि माझं ओरडणं? ते पहिल्याच दिवशी बंद झालं. सुंदराबाई पहाटे पाचला माझ्यावर टॉवेल टाकायची आणि बटणावर बोट ठेवून बसायची. ताटलीतलं पाणी संपत आलं, चर्रर्र असा बारीक आवाज आला, की मी तोंड उघडायच्या आत बटण बंद. ज्याला ओरडला म्हणून पास केलं, त्याला वर्षभर मुका ठेवला. मी तिच्यावर रागावलो नाही. राग तिच्यावर कशाला? बोट तिचं होतं, भीती तुमची होती, साहेब.

राहिली टरफलं. कचऱ्याची घंटागाडी आली की कॉलनीच्या सगळ्या बाया फाटकाशी उभ्या. तिथं कशी टाकणार? दीपमाला डब्यात घालून मैदानाकडं नेऊ म्हणाली. पण सुंदराबाई शेतात वाढलेली बाई, तिच्या हातून कामाची वस्तू फेकवत नाही. मालकीण रागिणीताईंची गुलाबाची सहा झाडं होती. कळी धरत नव्हती. "सुंदराबाई, तुम्हाला झाडातलं समजतं, जरा बघा," असं त्यांनीच सांगितलं होतं. सुंदराबाईनं टरफलं खलात कुटून बारीक भुकटी केली आणि रोज एकेका कुंडीत घातली. तिला वाटलं, आपण यांच्या घरात राहून यांची अट मोडतो, तर निदान यांच्या झाडाचं तरी भलं होऊ दे. असं वाटणारी माणसं होती ती!

झाडं लागली फुलायला. सहा महिने त्या बंगल्यातल्या देवाला रोज घरचा गुलाब गेला. रागिणीताई कौतुकानं शेजारणींना सांगत, "सुंदराबाईच्या हाताला गुण आहे." दीपमालेचं रक्त अकरावर गेलं. पंधरा ऑगस्टला कॉलनीत झेंडा झाल्यावर तुम्ही तिला पुढं बोलावलं, साहेब. हार घातला. माईकवरून म्हणालात, "या पायांकडं बघा, ही आपल्या कॉलनीची वाघीण आहे." टाळ्या माझ्यापर्यंत ऐकू आल्या. त्या पायांत काय होतं ते मला ठाऊक होतं.

मग तो रविवार आला. माळी उत्तमराव सकाळी सहालाच कुंड्यांची माती बदलायला आला. आदल्या दिवशी सुंदराबाईला ताप होता. कुटायचं त्राण नव्हतं, म्हणून तिनं टरफलं हातानंच चुरून घातली होती. उत्तमरावानं कुंडी उलटी केली.

"बाईसाहेब, यात त अंड्याचे टरफलं हायेत."

सुंदराबाई माझ्याजवळून उठून धावत बाहेर गेली. तापामुळं त्या दिवशी उशीर झाला होता; माझं बटण चालू, आत चार अंडी.

"टरफलं? माझ्या कुंडीत?" रागिणीताईंचा आवाज.

खोटं बोलायला जागा होती. कावळ्यानं आणली, मांजरानं आणली, काहीही. सुंदराबाई म्हणाली, "मीनंच टाकली ताई. तुमच्या झाडाले फूल नव्हतं येत, म्हून."

"म्हणजे सहा महिने मी देवाला..." एवढं बोलून रागिणीताई पायरीवर बसल्या.

इकडं माझी ताटली कोरडी पडत होती. बटणावर बोट नव्हतं. मित्रांनो, माझं काम झालं होतं. मी ओरडलो. एक वर्षाचं दाबून ठेवलेलं सगळं ओरडलो.

त्या आवाजावर साहेब चपलेसकट आत आले. टॉवेल ओढला.

"हे काय आहे?"

दीपमाला बुटाची नाडी बांधत होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "अंडे उकडाचं मशीन आहे."

"विश्वासघात केलात. तुम्हा लोकांना घरात घेतलं, हीच माझी चूक."

"आमी लोक म्हणजे कोन लोक, साहेब?"

साहेबांनी दाराकडं बोट केलं. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत खोली रिकामी पाहिजे."

"साहेब, बारा दिवसावर ग्राउंड आहे पोरीचं," जानराव हात जोडून म्हणाला. "तेवढं होऊ द्या. आता एक अंडं नाई आननार आमी."

"काहून नाई आननार?" दारातून सुंदराबाई तापल्या अंगानं कडाडली. "तेच बारा दिवस त कामाचे हायेत!"

साहेबांनी मला उचललं. माझं अंग तापलेलं, त्यांच्या बोटांना चटका बसला, त्यांनी मला फरशीवर टाकलं. झाकण फुटलं. अंडी खाटेखाली गेली. पुढं कॉलनीत सांगत फिरले म्हणे, की त्या मशीननं मला भाजलं. हो, भाजलं! मला पश्चात्ताप नाही.

अट मोडली, हे मी नाकारत नाही. पण साहेब, भाडं खोलीचं होतं. पोरीच्या पोटाचं भाडं कोणी ठरवलं होतं?

त्याच दिवशी एका ऑटोत संसार भरून ते नांदगाव पेठेला गेले. देवरावानं आपल्या टिनाच्या दोन खोल्यांतली एक रिकामी करून दिली. मला झाकण नव्हतं. सुंदराबाईनं माझ्यावर स्टीलचा गंज पालथा घातला. वाफ बाजूनं निसटायची, अंडी व्हायला वेळ लागायचा, पण व्हायची. आणि मी रोज सकाळी पोटभर ओरडायचो. देवरावाची बायको मनकर्णा म्हणायची, "उठा वं, पोलिसाचं मशीन बोललं!"

बाराव्या दिवशी दीपमाला आठशे मीटर धावली, आणि या वेळी मध्येच खाली बसली नाही. लेखी परीक्षाही झाली. यादीत तिचं नाव आलं. जानरावानं ती यादी मोबाइलवर चार वेळा देवरावाकडून वाचून घेतली, स्वतःला वाचता येत असून.

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला सांगितलं असतं, की तुमच्या घरातल्या कुकराची ताटली रोज पुसत जा, खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसला तर लिंबू चोळा, वायर ओढून प्लग काढू नका. सांगतोच. पण तेवढ्यानं भागत नाही. वस्तू जपायला शिकवणारे पुष्कळ आहेत.

यादीत नाव आलं तरी नोकरी लगेच मिळत नाही. उमेदवार आधी जिथं राहिला तिथं पोलीस जाऊन त्याची वागणूक विचारतात. दीपमाला सव्वा वर्ष साहेबांच्या घरात राहिलेली. चौकशीला गेलेल्या शिपाई प्रीतमनं गुरुवारी जानरावाला फोन केला. फोन ओट्यावर, माझ्याच बाजूला होता.

"काका, तुमच्या जुन्या घरमालकाकडे गेलतो. ते म्हणते, वागणूक चांगली नव्हती असं लिवून घ्या. मी म्हटलं, काय केलं पोरीनं ते सांगा. त म्हणे सोमवारी या, विचार करून लेखी देतो."

जानरावानं फोन ठेवला आणि चपला घातल्या. "मी जातो. पाया पडतो त्याइच्या."

"बाबा," दीपमाला म्हणाली, "पाया पडसान त मी ते नोकरीच नाई करत." जानरावानं चपला काढल्या. त्यानंतर दोन दिवस त्या खोलीत कुणी धड जेवलं नाही.

तर साहेब, सोमवार परवा आहे. प्रीतम कागद घेऊन तुमच्या दारात उभा राहील आणि पेन तुमच्या हातात देईल. सव्वा वर्षात या पोरीनं तुमचं काही चोरलं का? कुणाला शिवी दिली का? तुम्ही विचारलं तेव्हा ती खोटं बोलली का? कागदावर 'वर्तणूक' या शब्दापुढं एकच रिकामी ओळ आहे. पोरीनं अंडं खाल्लं, असं त्या ओळीवर लिहून खाली सही करायची हिंमत आहे तुमच्यात? आणि नसेल, तर काय लिहिणार आहात, ते आजच बोला.