मोतुलेकाचा पाहुणचार

वादळ गेल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी सरकारी होडी दिसली, तेव्हा लुपे नवऱ्याच्या पायावरची पट्टी सोडत होती. शेवटचा वेढा मांसाला चिकटला होता. तिनं शहाळ्याच्या पाण्यानं तो भिजवला, हळूहळू सोडवला, आणि वास आला तसं तोंड फिरवलं. अंगठ्याजवळचं मांस काळं पडलेलं, लाली पार पोटरीपर्यंत चढलेली. फिनेआसी बारा वर्षांपासून साखरेचा रोगी. त्याला साधा काटा रुतला तरी जखम महिना महिना भरून यायची नाही, आणि इथे तर छपराच्या पत्र्यानं पाऊल उभं चिरलं होतं.

"होडी आलीय," लुपे म्हणाली. "देवच पावला म्हणायचा. आज तू तिच्यातून दवाखान्यात जायचंस. मी काही ऐकून घेणार नाही."

"आधी पट्टी बांध," फिनेआसी म्हणाला. "स्वच्छ फडक्याची बांध. आणि माझी चांगली चटई काढ."

चटई म्हणजे केवड्याच्या पातीची, कमरेला गुंडाळायची. ती नेसल्याशिवाय मोतुलेका बेटावर कुणी पाहुण्यासमोर जात नाही, आणि फिनेआसी तर गावाचा अधिकारी. गावानंच निवडून दिलेला, सलग तिसऱ्यांदा.

आणि गाव त्यानंच वाचवलं होतं, त्यात वादच नाही. रेडिओवर पहिला इशारा आला त्या क्षणापासून हा माणूस बुड टेकून बसला नाही. एकतीस घरांची छपरं त्यानं दोरखंडांनी बांधून घेतली. होड्या वर ओढल्या, कोनफळं खोल पुरून ठेवली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठंगुळीला मारून चर्चमध्ये नेऊन बसवलं. वादळानं दोन दिवस बेटाला घुसळून काढलं. घरं गेली. नीरफणस मुळासकट आडवे झाले. समुद्र मळ्यात शिरला आणि पुरलेली कोनफळं खाऱ्या पाण्यात कुजून गेली. पाण्याच्या सात टाक्यांतली एक राहिली, तीही अर्धी. पण माणूस एकही दगावला नाही. हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा, आणि म्हणू दे बापडा, त्याचा हक्कच होता तो. पाय चिरला तोही शेजारच्या आकानेसीच्या घराचा पत्रा धरून ठेवताना.

"आणि डुकरीण कापायला सांग," तो म्हणाला.

लुपेचा हात पट्टीवरच थांबला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गावात एकच जनावर उरलंय. गाभण आहे ती."

"मग पाहुण्यांपुढे काय ठेवू? माझं डोकं?"

"पाहुणे कसले? सरकारची माणसं ती. आपलं काय गेलंय ते बघायला आलीत."

"बघू देत की. उपाशी बघायचं का त्यांनी?"

कुणाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. वाटू दे. लुपेही त्याच मातीतली. तिच्या आईनं घरात सुतक असताना परक्या बेटावरून आलेल्या होडीतल्या सगळ्यांना जेवू घातलं होतं. दारी आलेला माणूस कोरड्या तोंडानं परत गेला तर नाक कापलं जातं ते एकट्या घराचं नाही, अख्ख्या बेटाचं. आणि दुसरा नियमही तितकाच पक्का: पाहुण्याच्या पोटात अन्न जाईपर्यंत त्याच्याकडे काही मागायचं नाही. म्हणजे पायाचं सांगायचं तर आधी जेवण उरकायला हवं. लुपेनं डोक्यात हिशोब केला. भरती उतरायच्या आत होडीला खडकांमधल्या वाटेनं बाहेर पडावंच लागणार, नाहीतर तळ फाटेल. हातात चार तास. डुकरीण खड्ड्यातल्या भट्टीत शिजायला अडीच.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण जेवण झालं की तू पहिला शब्द पायाचा काढायचास. नाही काढलास तर मी काढीन."

"काढतो गं बाई. बांध पट्टी."

मग लुपेनं जी काही धावपळ केली म्हणता! स्वतः डुकरिणीचे पाय धरले, स्वतः लाकडं फोडली. आकानेसी दगड तापवत होती, ती म्हणाली, "लुपे, कोनफळ कुठलं घालायचं? सगळं तर नासलं."

"बेण्याचं आहे ना माळ्यावर."

"बेण्याचं? आणि लावणीला काय लावायचं, आपली बोटं?"

"घाल गप."

आकानेसीनं घातलं. तेवढ्यात बायकांनी अंगणं झाडून लख्ख केली. मोडके पत्रे चर्चच्या मागे नेऊन रचले. पडझड पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे कशाला? कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, हात आपोआप चालत होते.

पथकात चौघं होते. त्यांची प्रमुख सिनीवा, तिशीची पोरगी, राजधानीतली. डोळे तारवटलेले, ओठ उन्हानं फुटलेले. हे तिचं नववं बेट, अजून दोन राहिली होती. सोबतची परिचारिका मागच्या बेटावर एका बाळंतिणीपाशी अडकली होती. सिनीवानं गावातून एक चक्कर मारली, पडलेली घरं मोजली, हातातल्या नुकसानीच्या अर्जावर खुणा केल्या.

"खाण्यापिण्याचं कसं आहे, काका?" तिनं विचारलं.

"आधी बसा, बेटा," फिनेआसी म्हणाला. "दमून आलात. आमच्याकडे तसं द्यायला काही नाही, पण जे आहे ते गोड मानून घ्या."

अगदी खरं बोलला होता तो. पण मेजवानीआधी प्रत्येक यजमान हेच बोलतो, आणि सिनीवाची आजीही बेटावरचीच, त्यामुळे ती हसली आणि बसली. पुरुष मोठ्या लाकडी वाडग्याभोवती गोल करून बसले. मुळी कुटून पाण्यात गाळलेलं रीतीचं पेय, कावा, करवंट्यांतून फिरू लागलं. मधोमध फिनेआसी मांडी घालून, पाय चटईच्या घडीत दडवलेला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. वर सुगंधी तेल एवढं चोपडलेलं की दुसरा कसला वास येऊच नये.

जेवण आलं. नारळाच्या पात्यांच्या परड्यांत डुकराचं मांस, बेण्याचं कोनफळ, नारळाच्या दुधातली भाजी. तीस बायका ओळीनं वाढत होत्या, आणि एकीच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. लुपे सिनीवाच्या मागे पंख्यानं वारा घालत बसली होती. तिथून तिला अर्ज दिसत होता. सिनीवानं तेलकट बोटं पुसली, पेन उचललं आणि 'अन्न, पाणी' या ओळीपुढे लिहिलं: तीन आठवडे पुरेल.

लुपेनं पंखा खाली ठेवला. सांगावं? जेवणाऱ्या माणसाला कसं सांगायचं की बाई, तुझ्या हातात आहे तो आमचा शेवटचा घास? तिनं पंखा पुन्हा उचलला. निदान पाय, ती मनाशी म्हणाली. जेवण संपू दे, निदान पायाचं होऊ दे.

जेवण संपलं. पण मग पाहुण्यांनी आभाराचं भाषण केलं. त्याला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं उत्तर दिलं. मग आणखी एक फेरी काव्याची. किनाऱ्यावरून होडीचा तांडेल ओरडला, "ताई, पाणी उतरतंय. निघायला हवं." लुपेनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तो भाषणाला उठायच्या बेतात होता, निरोपाच्या.

लुपे उठली. काव्याच्या त्या गोलात बाईमाणूस असं घुसत नाही, पण ती तशीच पुढे गेली आणि तिनं नवऱ्याच्या पायावरची चटई बाजूला ओढली.

"हे बघ, पोरी," ती म्हणाली. "याला घेऊन जा. पाच दिवस झालेत. पाय सडतोय याचा."

फिनेआसीचा चेहरा काळाठिक्कर पडला. सुजलेली पोटरी सगळ्यांसमोर उघडी पडली होती, आणि उरल्या जेवणावर तो वास पसरला होता. सिनीवा गुडघ्यांवर खाली वाकली.

"काका, चला. होडीत जागा आहे. आत्ता चला."

त्यानं एक "हो" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तो सावकाश चटई परत सारखी करत हसला, अगदी मोठ्या माणसासारखा.

"जुनी जखम आहे, बेटा. साखरेमुळे अशीच राहते. बायको आहे, घाबरते. एकतीस घरं उघड्यावर पडलीत आणि अधिकारी पहिल्या होडीत जाऊन बसला, असं सांगायचं का तुम्ही राजधानीत? पुढच्या फेरीला येईन की."

"खोटं बोलतोय तो," लुपे म्हणाली.

"लुपे." एवढंच म्हणाला तो. तीस वर्षांच्या संसारात त्या आवाजात त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती.

तांडेल पुन्हा ओरडला. सिनीवानं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. वडीलधाऱ्या माणसाला खोटं पाडून त्याच्या गावासमोर दंडाला धरून ओढत न्यायचं तिला जमलं नाही. सिनीवाला दोष कसा द्यायचा, लुपेलाही तर तोंड उघडणं दोन तास जमलं नव्हतं. सिनीवानं पेटीतून गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढून दिल्या, म्हणाली, "आठवड्याच्या आत येते." गावच्या पोरींनी उरलेलं मांस परड्यांत भरून होडीत नेऊन ठेवलं, कारण पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. होडीच्या नाकाशी, जिथे एक माणूस आडवा झाला असता, तिथे त्या परड्या नीट रचल्या गेल्या.

त्या दिवसापासून फिनेआसी बायकोशी बोलला नाही. ती गोळ्या द्यायची, तो गिळायचा. वादळानंतरच्या आठव्या दिवशी ताप चढला. दहाव्या दिवशी तो तिला आईच्या नावानं हाक मारू लागला. टाकीचा तळ खरवडून काढलेलं पाणी ती त्याच्या ओठांना लावायची. लहान पोरांना कोवळी मुळं उकडून घालत होते. अकराव्या दिवशी दुपारी तो गेला. वादळात माणूस एकही दगावला नाही, असं जो म्हणायचा तो.

पुरायला आलेल्यांना जेवण द्यायची रीत आहे. त्या दिवशी कुणाला काही मिळालं नाही, आणि कुणी त्याबद्दल ब्रही काढला नाही.

होडी उशिरा, सोळाव्या दिवशी आली. या वेळी मोठी होती. तिच्यातून ताडपत्र्या उतरल्या, बादल्या, साबणाची खोकी. तांदळाचं पोतं एकही नाही, पाण्याचा एक डबा नाही. अर्जात लिहिलंच होतं ना, पुरेल म्हणून.

सिनीवा किनाऱ्यावर उतरली तेव्हा बायकांनी सवयीनं चटया आणायला धाव घेतली. आकानेसी पोरींना म्हणाली, "बघा गं, कुठे चार शहाळी मिळतात का."

"मिळाली तर पोरांना द्या," लुपे म्हणाली. ती सुतकाची फाटकी मोठी चटई छातीपर्यंत गुंडाळून उभी होती. "चटया राहू देत."

आकानेसीनं तोंडावर हात ठेवला. पाहुण्याला बसू न देणं मोतुलेकावर कुणी पाहिलं नव्हतं.

सिनीवानं ती चटई पाहिली आणि तिला विचारावं लागलं नाही. तिचे डोळे भरून आले. "मावशी," ती म्हणाली, "मी त्यांना न्यायला हवं होतं."

"हवं होतं," लुपे म्हणाली. "मीही पहिल्या घासाआधी बोलायला हवं होतं. तू जेवलीस ती गावातली शेवटची डुकरीण होती. कोनफळ बेण्याचं होतं. आमची पोरं मुळं खातायत. काढ तुझा कागद."

सिनीवानं कागद काढला.

"लिही, आम्ही तुम्हाला जेवू घातलं ती चूक झाली."

मागे बायकांच्या घोळक्यात कुणीतरी हुंदका दिला. घातलेलं अन्न बोलून दाखवायचं, तेही पाहुण्याच्या तोंडावर. मेलेल्या फिनेआसीनं हे ऐकलं असतं तर मान खाली घातली असती, हे लुपेला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं शब्द मागे घेतला नाही. सिनीवा शब्द न् शब्द लिहीपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"आता पाण्याचं लिही," ती म्हणाली.