सुटलेला टाका

धाकटीची अर्धी विणून झालेली शाल सासूबाईंनी गालाला लावून पाहिली. "काय मऊ हात आहे गं तुझा!" झालं, थोरल्या जावेच्या अंगाचा तिळपापड झाला.

का होऊ नये? घरातला एकूण एक स्वेटर थोरलीचा. तिच्या वाट्याला काय, तर 'गळा जरा घट्ट झालाय.' आणि हिने चार ओळी विणल्या तर घर डोक्यावर!

शिकवलं कुणी? तिनेच. पोटातलं बाळ गेल्यापासून धाकटी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताला काहीतरी चाळा द्या. थोरलीने सुया दिल्या, शेजारी बसून सुलट-उलट शिकवलं. तेव्हा जीव तुटत होता हो तिचा, खोटं कशाला बोला. आता धाकटी जेवत होती, नवऱ्याशी हसत होती, आणि थोरलीला कुणी विचारत नव्हतं.

धाकटी आंघोळीला गेली तशी थोरलीने शाल उचलली. मधला एक टाका सुईवरून सोडला आणि ताणला. तो ओळीमागून ओळ खाली सुटत गेला, मधोमध आडव्या धाग्यांची शिडी पडली. बसू दे रडत. येईल मग 'ताई, ताई' करत.

धाकटी केस पुसत आली आणि शाल पाहून थबकली. ही पुन्हा अंथरूण धरते की काय? आपण काय करून बसलो हे थोरलीला आत्ता कुठे कळलं.

धाकटीने क्रोशाची सुई घेतली, खालचा टाका पकडला आणि एकेक ओळ वर चढवू लागली. चेहरा अगदी शांत.

"रडली नाहीस?" थोरलीच्या तोंडून निसटलंच.

"आधी रडले असते. आता मन सैरभैर झालं की मीच मुद्दाम टाका सोडते, ताई. तो वर आणेपर्यंत छातीतली धडधड थांबते."

हात्तिच्या! म्हणजे हिला कळलंच नाही. थोरलीने सुस्कारा सोडला.

"पण मी कडेचा सोडते," धाकटी हळूच म्हणाली, "मधला नाही." तिने शिडी अर्धीच ठेवून सुई थोरलीपुढे धरली. "उरलेला तुम्ही आणा. घाई नको. हात सैल सोडा, बरं वाटेल."

थोरलीने सुई घेतली. डोळे भरून आल्याने टाकाच दिसेना, आणि तरीही मनात आलंच, मेली शिकवतेसुद्धा माझ्यापेक्षा छान!