पंधरा वर्षे उतरत गेलेली तार

मी एक जुने तुणतुणे आहे. एक तार, एक खुंटी आणि खाली ताणलेले बोकडाचे कातडे, एवढाच माझा संसार. कोणी तेच तेच बोलू लागला की लोक वैतागून म्हणतात, "लावलं याने आपलं तुणतुणं!" मला त्याचा राग येतो. मित्रांनो, एकच सूर न कंटाळता धरून ठेवणे सोपे नसते. मी तर पंधरा वर्षे एक गुपितही धरून ठेवले होते. त्याची धास्ती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

माझा जन्म वालूर गावचा. आधी मी धान्य मोजायचे लाकडी मापटे होतो. माझा तळ फुटला, तेव्हा आज मला वाजवणाऱ्या सिद्धोधन यांच्या वडिलांनी मला चुलीत घातले नाही. त्यांनी तळाला कातडे चढवले, बाजूला काठी ठोकली आणि तार ओढली. तेव्हापासून मी गायन पार्टीत आहे. भीमजयंती असो की कोणाचे लग्न, जिंतूरपासून पूर्णेपर्यंत आम्हाला बोलावणे असे. लोक गाडीबैल पाठवून न्यायचे. मग डीजे आले आणि मी महिनोन्महिने भिंतीला टांगून राहू लागलो. एकदा तर उंदराने माझी कड कुरतडली.

पार्टीत अकरा जण होते, आता तिघेच उरलेत. पंडितराव डफ वाजवून पुढे गातात. त्यांच्या पत्नी सरजाबाई मंजिऱ्या वाजवत मागून सूर ओढतात. सिद्धोधन माझी तार छेडतात. तिघांचीही सत्तरी उलटली आहे. गाणी पंडितरावांच्या वडिलांनी रचलेली. त्यातले एकही कागदावर नाही.

पंडितरावांची पट्टी पेटीवरची काळी चार, म्हणजे चांगलीच उंच. त्याचा त्यांना भारी अभिमान. "ज्या दिवशी काळी चार सुटंल, त्या दिवशी डफ खाली ठिवीन," असे ते चारचौघांत सांगत. माणूस बोलेल तसे करणारा. बिडी सोडतो म्हणाले, ती सोडलीच.

पण साठीच्या आसपास त्यांचा आवाज खाली बसू लागला. आमच्या पार्टीचा नियम असा, की गाणाऱ्याने माझ्या खुंटीला हात लावायचा नाही. सूर लावायचा तो तुणतुणेवाल्याने. सिद्धोधन यांनी त्याचाच आधार घेतला. दरवर्षी जयंतीच्या आधी ते माझी खुंटी केसभर सैल करत. पंडितराव माझ्यावरच सूर धरत आणि खुशीत म्हणत, "हाय का न्हाई अजून काळी चार?" सिद्धोधन मान हलवत. मी मात्र प्रत्येक वेळी चरकायचो. हे उघड झाले तर डफ खाली जाणार आणि डफाबरोबर सगळी गाणीही!

असा उतरत उतरत मी काळी दोनवर आलो. त्याखाली गेलो तर पंडितरावांच्या ध्यानात येईल, या धास्तीने सिद्धोधनांना धीर होईना. गेली दोन वर्षे गाण्याच्या शेवटच्या चढत्या ओळीला पंडितरावांना ठसका लागू लागला. "धूळ लय उडायली," ते म्हणत. धूळ कुठेच नसे.

यंदा पूर्णेच्या समाजमंदिरात या तिघांच्या जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला. सेलूहून रेल्वेने निघालो. कोणी माझ्यावर बसेल या भीतीने सरजाबाईंनी मला मांडीवर घेतले होते. तिथे पोहोचून पाहतो तर काय, साथीला कीबोर्डवाला! नागेश नावाचा तो तरुण अदबीने म्हणाला, "काका, पट्टी कोणती?"

"काळी चार!" पंडितरावांनी छाती काढून सांगितले.

सिद्धोधन सरजाबाईंकडे सरकले. "वहिनी, आता कसं?" ते पुटपुटले. "गप ऱ्हावा. बगू," सरजाबाई म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही ठाऊक होते तर!

कीबोर्ड वर, मी खाली. दोन सूर एकमेकांशी भांडू लागले. माणसे चुळबुळ करू लागली. नागेश बिचारा माईकवरच बोलून गेला, "काका, तुणतुणं लय खाली बोलायलंय. काळी दोनला हाय. चढवून घ्या."

पंडितराव मागे वळले. "सिद्धोधना, चढीव."

सिद्धोधनांची बोटे खुंटीवर होती, पण फिरेनात. "न्हाई चढवत, दादा. चढवलं तर तुमाला झेपायचं न्हाई."

"कवापासून?"

"पंधरा वर्सं झाली."

पंडितरावांनी डफ खाली ठेवला. संपले सारे, असे मला वाटले. त्यांनी सरजाबाईंकडे पाहिले. "तुला ठावं व्हतं?"

"आवो, तुमच्या मागंच गाते मी. कळल्याबिगर ऱ्हाईल व्हय? बोलले असते तर तुमी डफ ठिवला असता. मग मामंजीची गाणी कुणी गायली असती?"

पंडितराव सिद्धोधनांकडे वळले. मग त्यांनी हात पुढे केला. "आण ते इकडं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या हातात आलो. रागाच्या भरात ते खुंटी पिळतील, माझी तार तुटेल, या भीतीने मी थरथरलो. त्यांनी तार छेडली, गुणगुणून पाहिले आणि खुंटी सैल केली. पुन्हा गुणगुणले. पुन्हा सैल केली. सिद्धोधनांना जिथे जायचा धीर होत नव्हता, तिथे ते स्वतः उतरले.

"काळी एक," नागेश हळूच म्हणाला.

"मी हितं हाय," पंडितराव म्हणाले. "तू बी हितंच ये."

डफ उचलला गेला. लिहायला-वाचायला शिकणाऱ्या आईचे गाणे सुरू झाले. 'वाच माय, आता तूच वाच!' या शेवटच्या ओळीला माझा जीव मुठीत होता. ठसका आला नाही. दोन वर्षांचा तो ठसका आमच्या लपवाछपवीचा होता, हे मला तेव्हा कळले आणि फार वाईट वाटले.

परतताना रेल्वेत पंडितरावांनी मला स्वतःच्या मांडीवर घेतले. "पुढल्या साली इचारून सैल कर," एवढेच ते सिद्धोधनांना म्हणाले.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, भिंतीवर विसरू नका, हे तर मी मागेनच. पण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा सूर उतरला, तर त्याच्यापासून लपवू नका. खुंटी त्याच्याच हातात द्या. आणि वालूरला या, गाणी उतरवून घ्यायला वही घेऊन या. काळी एकच्या खाली आता फार जागा उरलेली नाही.