शेवटची फेरी फक्त उन्हावर

पीप. जरा थांबून पुन्हा पीप.

दुपारच्या गप्प घरात जिन्याखालचा इन्व्हर्टर तिसऱ्यांदा ओरडला, तेव्हा तिने अर्धी घडी केलेला फ्रॉक मांडीवर ठेवून पलंगाकडे पाहिलं. मुलीचा एक डोळा उघडा होता.

"मी झोपलेय," मुलगी म्हणाली.

"दिसतंय ते."

"ते का ओरडतंय?"

"त्याच्या बॅटरीतलं पाणी कमी झालंय. लाइट येईपर्यंत असंच कुरकुरणार."

"मग बाबाला सांग ना पाणी घालायला."

बाहेरच्या खोलीत सासूबाई आडव्या झाल्या होत्या, पण कान जागे होते. "नको गं बाई. तुझ्या बाबाने हात लावला तर आहे तेही बंद पडेल. उद्या इलेक्ट्रिशियन येतोय."

मुलगी खुदकन हसली. सवयीने तीही हसली. घरातली ही चेष्टा मुलीहून वयाने मोठी होती. साधा दिवा बदलायचा तरी तो खाली स्टूल धरून उभा राहायचा आणि चढायची ती. पाहुण्यांसमोर विषय निघालाच, तर सगळ्यांच्या आधी तोच हसायचा. "कॉलेजात मला फ्यूज म्हणायचे," तो सांगायचा, "उगाच नाही म्हणायचे." इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेला माणूस गेली दहा वर्षं कुरिअरच्या कचेरीत पार्सलांवर शिक्के मारत होता, आणि त्याबद्दलही त्याची तक्रार नव्हती.

इलेक्ट्रिशियनच्या आधी उद्या सकाळी भंगारवाला येणार होता. मागच्या पत्र्याच्या शेडमधली गाडी न्यायला.

तसं त्यानेच ठरवलं होतं. मुलीला सायकल घ्यायची म्हणजे जागा लागणार. "दहा वर्षं झाली. गंजाला पहारा कशाला द्यायचा?" तो म्हणाला, आणि तिने मान डोलावली. पण तेव्हापासून एकच गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. मुलीने आपल्या बाबाला या बाबतीत फक्त हसण्यावारी नेलेलं पाहिलं होतं. त्याच्या हातांनी केलेलं एखादं चाक फिरताना तिने पाहिलं नव्हतं. गाडी गेली की ते कधीच दिसणार नव्हतं.

तिने फ्रॉक बाजूला ठेवला.

"झोप झाली असेल तर चल, एक गंमत दाखवते."

शेडमध्ये ताडपत्रीवर बोटभर धूळ होती. दोरीची गाठ इतकी घट्ट बसली होती, की शेवटी स्वयंपाकघरातून कात्री आणावी लागली. ताडपत्री सरकली आणि ती निळी, आडवीतिडवी, चार सायकलच्या चाकांवर उभी असलेली वस्तू दिसली. मुलीने तोंडावर हात ठेवला.

"ही गाडी आहे?"

"आमची होती."

"हिला दार कुठेय?"

"दाराचा विचार शेवटी करायचा, असं ठरलं होतं."

सासूबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझा पलंग आहे तो," त्या नातीला म्हणाल्या. "चांगला लोखंडी पलंग. एका सुट्टीत मी आठ दिवस बहिणीकडे गेले, परत येते तर गादी जमिनीवर आणि पलंगाला स्टिअरिंग."

ते खरंच होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिघांनी याच अंगणात आठ महिने काढले होते. ती, फ्यूज आणि एक लंबू, जो आता दूर कुठेतरी दोन मुलांचा बाप होता. मोटर एका जुन्या चाकांच्या खुर्चीतली. सीट प्लायवुडची, तिच्यावर लंबूच्या घरची उशी. छतावरचं सोलर पॅनलसुद्धा विकतचं नव्हतं. कोपरे उडालेले सुटे सेल त्यांनी पेटीभर मिळवले होते आणि फ्यूजने ते एकेक करून सोल्डर केले होते. सेल पापडासारखे, नुसत्या श्वासाने हलायचे. तो ओठ घट्ट मिटून काम करायचा. ती समोर बसून टेप कापून द्यायची आणि बोलायचं असलं तर आधी मान वळवायची. त्या आठ महिन्यांत दोघं एकमेकांशी बहुतेक मान वळवूनच बोलली, आणि तरी कधी काय ठरलं ते लंबूलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

दोघींनी मिळून गाडी उन्हात ढकलली. बॅटरी कधीच काढून टाकल्या होत्या. तिने मागच्या चौकटीखाली विटा सारून चाक अधांतरी केलं, पॅनल ओल्या फडक्याने पुसलं, आणि पॅनलच्या दोन तारा सरळ मोटरच्या तारांना पिळल्या. काहीच झालं नाही. तिने चाकाला हाताने एक हलका धक्का दिला.

चाक कुरकुरलं, अडलं, आणि मग आपलं आपण फिरायला लागलं.

मुलगी चाकासमोर उकिडवी बसली आणि आऱ्या एकमेकींत विरघळताना बघत राहिली.

"हे कोणी केलं?"

"बाबाने. प्रत्येक जोड त्याचा. दहा वर्षं झाली, एक सुटलेला नाही." हे बोलताना तिला आपल्याच शब्दांचं थोडं नवल वाटलं.

"आजी, बघ, बाबाची गाडी!"

"बघतेय हो. पलंग कधी एवढा फिरला नव्हता."

मुलगी उठून गाडीभोवती फिरू लागली. टाचा उंच करून तिने छताच्या काठावर हात टेकला आणि तळवा एका काळ्यानिळ्या चौकोनावर ठेवला. "गरम आहे," ती म्हणाली.

चाक मंदावलं. आऱ्या वेगळ्या दिसू लागल्या, मग मोजता येऊ लागल्या. थांबलं.

"मी नाही केलं," मुलीने झटकन हात काढला. चाक थरथरलं आणि पुन्हा फिरू लागलं.

"परत ठेव बरं हात. तिथेच."

थांबलं. काढला, फिरलं. एका सेलवर एवढीशी सावली. सगळे सेल एकाच माळेत जोडलेले. माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देत असावीत, आणि मधल्या एकाने हात खाली सोडावेत, तसं. हे पुस्तकात होतं. त्यावर तिने आणि फ्यूजने पैकीच्या पैकी मार्कही मिळवले होते.

ती विटांच्या ढिगावर बसली.

त्या वर्षीच्या सोलर गाड्यांच्या स्पर्धेचा नियम होता, शेवटची फेरी फक्त उन्हावर. बॅटरी काढून ठेवायच्या. गाडी ती चालवत होती, कारण तिघांत तिचं वजन कमी. सकाळच्या सगळ्या फेऱ्या झकास झाल्या. साडेतीनला शेवटची फेरी सुरू झाली, गाडी दुसरी होती, आणि सूर्याच्या दिशेने जाणाऱ्या सरळ रस्त्यावर, अगदी प्रेक्षकांसमोर, ती मंदावली आणि थांबली. फ्यूज धावत आला, त्याने डबा उघडून तारा चाचपल्या. मग गाडी बाजूला घ्यायला वळवली तर चाक आपोआप फिरलं. "लूज कॉन्टॅक्ट," लंबू म्हणाला. फ्यूज गाडीकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हो. जोड माझाच होता." एका कारखान्याचे गृहस्थ नोकरीसाठी त्याचं नाव लिहून घ्यायला शेजारी उभे होते, त्यांनी डायरी मिटली.

आणि गाडीच्या पुढच्या पाइपावर, अगदी छताच्या कडेला, हातभर उंच काठी होती. काठीला पिवळं निशाण. ते तिने लावलं होतं, आदल्या दिवशी हट्टाने. तिच्या आईचे डोळे अधू झाले होते, आणि इतक्या गाड्यांत आपली कुठली हे तिला लांबूनही कळायला हवं होतं. आईला कळलं. गाडी थांबली तेव्हा आई समोरच बसली होती आणि दोन्ही हात हलवत होती. संध्याकाळी तिने लेकीचा चेहरा हातांत धरला. "बरोबर माझ्यासमोर थांबवलीस गं." पुढे दोन वर्षं, आई होती तोवर, येईल त्याला तिने हे सांगितलं. फ्यूजलाही, कितीदा. तो दर वेळी म्हणायचा, "हो ना, आई. मुद्दामच थांबवली तिने."

"हा झेंडा खाली का लावलाय?" मुलगी गाडीच्या मागून विचारत होती.

ती उठून मागे गेली. काठी सीटच्याही खाली, मागच्या पाइपाला बसवलेली होती, जिची सावली छतावर पडूच शकणार नाही अशी. भोकं नीट, सरळ पाडलेली. निशाणाची फिकट चिंधी अजून टोकाला होती. ती पुढे आली. पुढच्या पाइपावर दोन भोकं लांबीचा लगदा भरून बुजवलेली होती आणि वरून निळ्या रंगाचा हात फिरवलेला. हात लावल्याशिवाय कळलं नसतं.

स्पर्धेच्या संध्याकाळी ती आईबरोबर घरी गेली होती. गाडी टेम्पोतून इथे आणली फ्यूजने. दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा ताडपत्री घालून, गाठ मारून झालेलं होतं. त्यानंतर ती गाठ आजच सुटली, कात्रीने.

म्हणजे त्याला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

फाटक वाजलं. शनिवारचा अर्धा दिवस. तो डबा हातात घेऊन घराला वळसा घालून आला आणि फिरणारं चाक बघून जागीच थांबला. त्याची नजर चाकावरून पुढच्या पाइपावर गेली, तिथून तिच्याकडे. ती खाली वाकून, न सुटलेली तार पुन्हा पिळू लागली.

"बाबा, बाबा, इकडे ये. मी एक शोध लावलाय."

"काय सांगतेस?"

"इथे हात ठेवला की चाक थांबतं. एवढ्याशा हाताने. बघ."

त्याने डबा खाली ठेवला. मुलीने हात ठेवला, चाक थांबलं. मग त्याने आपला तळवा शेजारच्या सेलवर ठेवून पाहिला. काढला. पुन्हा ठेवला. बोटांच्या टोकाने त्याने दोन सेलमधली जोडपट्टी चाचपली, एखाद्याची नाडी बघावी तशी.

"अरेच्चा," तो म्हणाला. "सावलीने होय? आम्हाला तेव्हा हे सुचलंच नाही बघ. तू असतीस तर जिंकलो असतो."

"हात काढ रे," सासूबाई दारातून म्हणाल्या, "चालतंय ते बंद पाडशील."

तो मोठ्याने हसला. मुलगी हसली नाही.

"कप्तान, बघितलंस ना हिचं डोकं?" तो तिला म्हणाला. कॉलेजातलं हे नाव कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडी आलं होतं.

"बघितलं," ती तारेकडे बघत म्हणाली.

त्याने डबा उचलला आणि हातपाय धुवायला आत गेला. आतून नळाचा आवाज आला. मुलगी बराच वेळ दाराकडे बघत राहिली, मग आईजवळ येऊन तिच्या खांद्यावर रेलली.

"आई, लपाछपीत मी पडद्याच्या खालून दिसत असते ना, तेव्हा बाबा असाच बोलतो."

"कसा?"

"आत्ता बोलला तसा." मुलीने आवाज बारीक केला. "त्याला खरंच माहीत नव्हतं?"