आपला बॉल

प्राचार्यांना व्हॉलीबॉलमधलं काही कळत नव्हतं, आणि तेवढ्या कारणानं ते गप्प बसणारे असते तर प्राचार्य झालेच नसते.

मैदान त्यांच्या खोलीच्या खिडकीखालीच होतं. त्या दिवशी वर तपासणी समितीचे पाहुणे आले होते. टेबलावर झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास होते, आणि प्राचार्य कॉलेजातल्या शिस्तीबद्दल तारे तोडत होते. तेवढ्यात खालून आवाज आला, "माझा! माझा! ए, सोड गं, माझा!"

एक पाहुणे उठून खिडकीशी गेले. "मुली कशावरून भांडतायत?" त्यांनी विचारलं.

बाकीचे हसले. प्राचार्यही हसले, पण त्यांच्या कानांवर जी लाली चढली ती पाहुणे गाडीत बसले तरी उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मैदानात आले. पॉलिश केलेले बूट धुळीत नीट जपून टाकत आले. मुलींचा संघ नेटसमोर रांगेत उभा केलेला. शेजारी क्रीडाशिक्षक. मुली पाठीमागे त्यांना शिट्टी सर म्हणायच्या, कारण गळ्यात शिट्टी कायम, आणि ती वाजलेली कुणी ऐकली नव्हती. साहेब मूळचे कॅरमचे. क्रीडाशिक्षक हवा होता, हे रिकामे होते, नेमले गेले.

"मी, माझं, मला," प्राचार्य म्हणाले, "यानंच समाज फुटतो. त्यातून मुलींच्या तोंडी तर हे अजिबात शोभत नाही. खेळ कुणाचा? संघाचा. मग बॉल कुणाचा?"

प्रश्न इतका खुळा होता की उत्तर देणारीच खुळी ठरली असती.

"आपला!" त्यांनीच सांगून टाकलं. "आजपासून माझा म्हणायचं नाही. आपला म्हणायचं. मैदानावरही संस्कार दिसले पाहिजेत."

शिट्टी सरांनी मान डोलावली. त्या मानेला दुसरी कुठली हालचाल येतच नव्हती.

रांगेच्या टोकाला खार उभी होती. अंगानं एवढीशी, पायात स्प्रिंग घातल्यासारखी, म्हणून खार. ती लिबेरो होती, म्हणजे मागच्या फळीतली राखणदार. जर्सी वेगळ्या रंगाची, नेटवर उडी मारून बॉल हाणायची परवानगी नाही, काम एकच: समोरून आलेला बॉल जमिनीला टेकू द्यायचा नाही. हे काम हातांइतकंच तोंडानं होतं. बॉल हवेत असताना एकीनं "माझा" ओरडायचं, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. शाळेतल्या पोरींनाही हे कळतं.

प्राचार्य गेल्यावर खार सरांकडे गेली.

"सर, माझा म्हटलं की बाकीच्या थांबतात. आपला म्हटलं तर जायचं कुणी?"

"जिचा असेल तिनं."

"पण तो आपला आहे ना?"

"अगं, म्हणायला आपला. घ्यायला एकीनं."

"कुठल्या एकीनं?"

"उलट बोलू नकोस," सर म्हणाले आणि शिट्टी शर्टाच्या आत टाकून निघून गेले.

स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच सामन्यात, पहिल्याच सर्व्हिसला बॉल खार आणि कप्तान यांच्या बरोबर मधे आला. कप्तान उंच, म्हणून तिला शिडी म्हणत. शिडी ओरडली, "आपला!" खार ओरडली, "आपला!" आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, दारात दोन माणसं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात तशा. बॉल मधे पडला, एकदा उसळला, आणि बाहेर गेला. त्याला तरी कुठं जायचं ते माहीत होतं.

पुढच्या वेळी चिडून तिघी एकदम धावल्या आणि एकीचा कोपर दुसरीच्या नाकावर बसला. मग परत कुणीच धावलं नाही. समोरच्या संघाला गंमत कळायला वेळ लागला नाही. त्यांची सर्व्हिस करणारी मुलगी बॉल हातात घेऊन वाकून नमस्कार करायला लागली. "घ्या हो ताई, आपलाच आहे! संकोच करू नका!" प्रेक्षकांत हशा. पंचांनी तिला दटावलं, पण दटावताना त्यांनी तोंडावर हात धरला होता.

सामना गेला. त्यापुढचाही गेला. प्राचार्यांना वाटलं असेल की आपण काहीतरी चुकतोय? छे! त्यांनी सगळ्या जर्सींच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापून आणलं: माझे नव्हे, आपले. हरल्याचं खापर अर्थातच मुलींच्या माथी. "शब्द बदलला, वृत्ती बदलली नाही," ते म्हणाले. त्या वृत्तीचे मालक स्वतः बोलताना माझं कॉलेज, माझं मैदान, माझी खिडकी असं म्हणत, ते वेगळं. समाज मुलींच्या 'माझा'नं फुटतो. प्राचार्यांच्या 'माझं'नं तो उभा राहतो म्हणे.

खारची आई पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. दुकानाच्या मागच्या खोलीत, मशीनशेजारी कापडाच्या ढिगावर बसून खार तिला सांगत होती. आईनं जर्सीची पाठ वाचली आणि तोंडातली टाचणी काढली.

"यांच्या घरात दाराची बेल वाजली की हेच म्हणतात का गं, आपला पाहुणा, आपला पाहुणा? मग दार उघडतं कोण?"

"आई, हसू नको. हे माझं शेवटचं वर्ष आहे."

आई हसायची थांबली. तिला माहीत होतं. खारला विद्यापीठाच्या संघात जायचं होतं. गेली दोन वर्षं तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. चप्पल तुटली तर शिवून घेतली, पण गुडघ्याचे पॅड चांगले हवेत म्हणून हटून बसली. विद्यापीठाची निवड करणाऱ्या बाई शेवटच्या साखळी सामन्याला येणार होत्या. आणि खार त्यांना काय दाखवणार होती? बॉल जमिनीवर कसा सभ्यपणे पडू द्यावा ते?

"मग तू काय करणार?" आईनं विचारलं.

"बॉल घेणार."

"घे की. मग मला कशाला सांगतेस?" आईनं टाचणी परत तोंडात धरली आणि मशीन सुरू केलं.

कॉलेजच्याच मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला प्राचार्य पहिल्या रांगेत, गाद्या लावलेल्या खुर्चीत. निवडीच्या बाई मात्र मैदानाच्या कोपऱ्यात उभ्या. केस बारीक कापलेले, एका गुडघ्याला पट्टा, चेहरा असा की कुणी तरी वाईट चहा पाजलाय. साखळीच्या दुसऱ्या फेरीत समोर पुन्हा तोच नमस्कारवाला संघ, आणि पहिला सेट नेहमीसारखा गेला. "आपला! आपला!" आणि धप्प. बाई घड्याळ बघायला लागल्या.

दुसऱ्या सेटला समोरून उंच, लोंबकळता बॉल आला, पुन्हा शिडी आणि खारच्या मधे. शिडीनं तोंड उघडलं.

"माझा!" खार ओरडली.

अशी ओरडली की प्राचार्यांच्या खिडकीच्या काचांनी ऐकावं. अंग झोकून देऊन तिनं बॉल उचलला, पास सरळ नेटपाशी, आणि शिडीनं तो असा हाणला की समोरच्यांना पापणी लवायलाही सवड मिळाली नाही. गुण मिळाला. पहिल्या रांगेतून प्राचार्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. पुढच्या बॉलला खार पुन्हा ओरडली. त्याच्या पुढच्याला शिडी. मग सगळ्याच. महिनाभर तोंडाला लावलेली कुलपं एकदम तुटली. मैदानात नुसता कालवा झाला, माझा, माझा, सोड, माझा! समोरच्या संघातल्या नमस्कारवाल्या बाईसाहेब नमस्कारच विसरल्या. सामना खारच्या संघानं जिंकला. स्पर्धेतून त्या आधीच बाहेर गेल्या होत्या, त्यामुळे जिंकून काही मिळालं नाही. खारला मिळालं. निवडीच्या बाई लंगडत तिच्याकडे आल्या.

"ओरडतेस चांगली," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मैदानात पाहुणचाराला आल्यासारख्या उभ्या होत्या. शिबिराला ये. प्राचार्यांची सही आण, त्याशिवाय घेता येत नाही."

आणि तिथंच घोडं अडलं.

प्राचार्यांनी परवानगीचा कागद नुसता टेबलावर सरकवून ठेवला. "आधी माफी," ते म्हणाले. "सभागृहात, सगळ्यांसमोर. आपल्याला चूक कळली, हे तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. मग सही."

बाहेर जिन्यात शिट्टी सर समजूत घालायला उभेच होते. "बघ बाळ, मोठ्या माणसांपुढे नमतं घ्यावं. मीही घेतो."

"ते दिसतं, सर," खार म्हणाली.

शिडी म्हणाली, "अगं म्हणून टाक सॉरी. जीभ काय झिजणार आहे? शिबिर महत्त्वाचं."

"झिजणार नाही," खार म्हणाली. "पण मी माझा म्हटलं नसतं तर बाईंनी मला घेतलंच नसतं. ज्याच्यामुळे निवडली गेले त्याचीच माफी मागायची, आणि मग तिथं जाऊन परत तेच ओरडायचं? कुठल्या तोंडानं?"

"मग काय, घरी बसणार?"

त्या रात्री ती झोपली नाही म्हणावं, तर झोपली, पण दातांवर दात घट्ट धरून.

सभागृह भरलं होतं. प्राचार्यांनी आधी स्वतः भाषण केलं, अहंकारावर. ते इतकं लांबलं की अहंकार स्वतः उठून गेला असता. मग त्यांनी खारला माईकपाशी बोलावलं. माईक तिच्या कपाळाच्या उंचीवर होता. शिट्टी सरांनी तो खाली केला. त्यांचं त्या वर्षातलं एकमेव उपयोगी काम.

खारनं खाली बघितलं. शिडी, संघ, मागच्या बाकांवरची टवाळ मंडळी. मग ती प्राचार्यांकडे वळली, हात जोडले, आणि अगदी अदबीनं, घरात मोठ्यांशी बोलावं तशी बोलली.

"सर, त्या दिवशी मैदानावर जे झालं, त्यात चूक झाली हे मला मान्य आहे. आणि माझं, माझं करायचं नाही, हे आपणच शिकवलंत. म्हणून ही चूक माझी आहे असं मी म्हणणार नाही. चूक आपली आहे. पूर्णपणे आपली."

मागच्या बाकावर कुणीतरी नाकातून हसलं. प्राचार्यांनी ते 'आपली' सगळ्यांची म्हणून ऐकलं, आणि आपली शिकवण पोरीच्या तोंडून ऐकून त्यांचे डोळे पाणावले. "वा!" ते म्हणाले. "वा! याला म्हणतात संस्कार!" खिशातलं पेन काढून त्यांनी व्यासपीठावरच, सगळ्यांना दिसेल अशी, ऐटदार सही ठोकली. तोवर हशा मधल्या बाकांपर्यंत आला होता. त्यांना वाटलं टाळ्यांचीच सुरुवात आहे. त्यांनी हात उंचावून लोकांना शांत व्हायची खूण केली, तेव्हा तर पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांनीही रुमाल काढले.

कागद हातात येताच खार मागच्या दारानं बाहेर पडली होती. प्राचार्यांना ते केव्हा कळलं याबद्दल कॉलेजात दोन मतं आहेत. कुणी म्हणतं घरी बायकोनं समजावलं. कुणी म्हणतं अजून कळलेलं नाही.

शिबिराच्या मैदानावर सगळ्या कॉलेजांतल्या निवडक मुली होत्या, आणि त्यांत मागच्या फळीच्या राखणदार खार धरून चौघी. संघात जागा एकीला. पहिल्या दिवशी पहिलाच उंच बॉल आला. "माझा!" खार ओरडली. "माझा!" शेजारची धिप्पाड मुलगी तिच्याहून मोठ्यानं ओरडली, आणि थांबली नाही. दोघी एकमेकींवर आदळल्या. खारचा ओठ फुटला. बॉल धिप्पाड मुलीनं उचलला होता.

खारनं रक्त मनगटानं पुसलं आणि बाईंकडे बघितलं. बाईंच्या चेहऱ्यावर तोच वाईट चहा.

"काय बघतेस?" बाई म्हणाल्या. "इथं सगळ्याच माझा म्हणतात. आधी पोचायचं असतं. पुन्हा."

खार एक पाऊल पुढे सरकून उभी राहिली.